डबीतलं केशर, रानातली करडी

सुनेला दिवस गेल्याचं कळलं की सोलापुरातल्या पुष्कळ घरांत आठवड्याच्या आत एक ग्रॅमची केशराची डबी येते. कधी सासू आणते, कधी माहेरहून येते, कधी काश्मीर फिरून आलेले शेजारी हातावर ठेवतात. रात्री निजण्याआधी पेलाभर कोमट दूध, त्यात दोन-चार काड्या, हा नेम मग बाळंतपणापर्यंत चालतो. त्यामागे माया असते. ‘बाळ गोरं निपजेल’ ही आशाही असते. बाळाचा रंग आईबापांकडून आलेल्या जनुकांवर ठरतो, दुधातल्या काडीनं त्यात तसूभरही फरक पडत नाही, एवढं इथं स्पष्ट लिहून पुढं जातो. गोरेपणाच्या या हव्यासानं आपल्या कितीतरी लेकींना जन्मभर सोसायला लावलंय. निदान औषधाच्या नावाखाली तरी तो जपू नये.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही, तो म्हणजे त्या डबीत खरोखर केशर आहे का? केशराची भेसळ ज्या वस्तूंनी होते, त्यांत जगभर अग्रभागी असलेली एक वस्तू आपल्याच रानात उगवते. ती म्हणजे करडई, सोलापूरकरांची करडी. तिच्या सुकवलेल्या पाकळ्या लालसर-नारिंगी, बारीक आणि दुधाला झटकन रंग देणाऱ्या. याच पाकळ्या चीनमध्ये शेकडो वर्षांपासून औषध म्हणून वापरात आहेत, आणि तिथल्या औषधशास्त्रात त्यांच्यापुढं ठळक सूचना आहे, गरोदर बाईला देऊ नये. म्हणजे जिच्यासाठी आपण एवढ्या हौसेनं डबी आणतो, नेमक्या तिलाच वर्ज्य असलेली वस्तू केशराच्या नावानं तिच्या पोटात जाऊ शकते. केशराचे गुण सांगणारे लेख भरपूर निघतात. सोलापुरात बसून ते गुण सांगायचे, तर करडीला बाजूला ठेवून सांगता येणार नाहीत.

आधी अस्सल केशराकडे पाहू. काश्मीरमधल्या पांपोरच्या पठारावर केशराची वेचणी थोडेच दिवस चालते. ऑक्टोबरची अखेर आणि नोव्हेंबरचे पहिले दिवस, एवढाच तो हंगाम. जांभळं फूल जमिनीलगत उमलतं, ते उन्हं चढण्याआधी खुडायचं आणि घरी नेऊन त्यातल्या तीन लाल काड्या हातानं वेगळ्या करायच्या. फुलाच्या स्त्रीकेसराचं ते टोक. एका फुलात तीनच. किलोभर सुकं केशर जमायला साधारण दीड लाख फुलं लागतात. या झाडाला बी धरत नाही. त्याची गुणसूत्रं तिहेरी असल्यानं ते वांझ आहे, आणि त्याची सगळी पैदास जमिनीतल्या कंदांवर चालते. माणसानं कंद उकरून, वेगळे करून पुन्हा लावले नाहीत, तर केशर जगातून संपेल. जगातलं बहुतेक केशर इराणमध्ये पिकतं. काश्मीरचा वाटा लहान, पण रंग आणि वास यांत त्याचा दर्जा वरचा. २०२० मध्ये काश्मिरी केशराला भौगोलिक मानांकन मिळालं.

काडीत तीन मुख्य द्रव्यं असतात. क्रोसिन रंग देतं, पिक्रोक्रोसिन कडसर चव देतं, आणि केशर सुकताना, तापताना पिक्रोक्रोसिनपासून तयार होणारं सॅफ्रनाल वास देतं. श्रीखंडाला केशर घालताना जुन्या बायका ते पळीत किंचित शेकून घ्यायच्या, मग चिमूटभर साखरेबरोबर खलात घोटून कोमट दुधात भिजत ठेवायच्या. शेकल्यानं वास खुलतो, साखरेच्या कणांनी काडी बारीक वाटली जाते, आणि क्रोसिन पाण्यात विरघळणारं असल्यानं दूध पिवळंधमक होतं. गाजरातला रंग तेला-तुपात उतरतो, केशराचा पाण्यात. कोजागरीच्या आटीव दुधात वरून कोरड्या काड्या भुरभुरणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. दिसायला छान दिसतं, पण निम्मं केशर वाया जातं.

आता औषधाचं. गेल्या पाव शतकात केशरावर जे काम झालं, त्यातलं सर्वांत भरीव काम नैराश्यावरचं आहे आणि त्याचं मोठं श्रेय तेहरानच्या संशोधकांना आहे. शाहिन आखोंदजादे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये सौम्य ते मध्यम नैराश्याच्या ३० रुग्णांवर एक चाचणी प्रसिद्ध केली. काहींना इमिप्रामिन हे जुनं औषध, काहींना रोज ३० मिलिग्रॅम केशर. सहा आठवड्यांनी दोन्ही गटांतली सुधारणा जवळपास सारखी होती. पुढच्याच वर्षी ४० रुग्णांवर फ्लुओक्सेटिनशी तुलना झाली, तिचाही निकाल तसाच. २००८ मध्ये पाळीपूर्वीची चिडचिड, रडू, अंगदुखी यांवर हीच मात्रा दोन पाळ्यांच्या काळात देऊन पाहिली, बायकांना आराम पडला. २०१० मध्ये अल्झायमरच्या ५४ रुग्णांवर २२ आठवडे प्रयोग झाला. त्याच वर्षी रोममध्ये उतारवयात दृष्टिपटल झिजणाऱ्या २५ रुग्णांना रोज २० मिलिग्रॅम केशर तीन महिने दिलं, तेव्हा त्यांच्या डोळ्यांची प्रकाशाला प्रतिसाद देण्याची क्षमता थोडी वाढलेली आढळली.

हे सगळं आशादायक आहे, पण या चाचण्या लहान आहेत. त्यांतल्या बऱ्याच एकाच देशात झाल्या, आणि अनेकींत वापरलं ते केशराच्या अर्काचं कॅप्सूल होतं, दुधातली काडी नव्हती. तरी मात्रेचा हिशेब घरच्या घरी मांडून बघण्यासारखा आहे. दीड लाख फुलांच्या साडेचार लाख काड्यांचं वजन एक किलो, म्हणजे एका ग्रॅममध्ये सुमारे ४५० काड्या आणि एक काडी साधारण दोन मिलिग्रॅमची. चाचणीतली ३० मिलिग्रॅमची मात्रा म्हणजे रोज तेरा-चौदा काड्या. आपण दुधात टाकतो चार. चार काड्यांनी दूध सुवासिक होतं, जिभेला आणि मनाला बरं वाटतं, तेही काही कमी नाही. पण त्यावर ‘केशरानं नैराश्य जातं’ असा भरवसा ठेवून कुणी डॉक्टरांच्या गोळ्या बंद केल्या, तर ते घातक ठरेल. तेरा-चौदा काड्या रोज घ्यायच्या तर महिन्याला जवळजवळ एक ग्रॅम लागतं, आजच्या भावानं ३०० ते ५०० रुपयांचं. परवडत असेल आणि मन सारखं उदास राहत असेल, तर आपल्या मानसोपचारतज्ज्ञाला विचारून घ्यावं. नैराश्याची गोळी चालू असताना परस्पर घेऊ नये, आणि मन कधी फार खाली, कधी फार वर जाण्याचा विकार असेल तर मुळीच घेऊ नये.

या संशोधनातली एक गोष्ट मला विशेष वाटते. २००६-०७ च्या सुमारास तेहरानच्याच संशोधकांनी लाल काड्यांऐवजी केशराच्या जांभळ्या पाकळ्या देऊन पाहिल्या. काडी काढली की शेतकरी ज्या टाकून देतो त्या या पाकळ्या. नैराश्यावर त्यांचाही गुण दिसून आला. महागड्या काडीशेजारची फुकटची पाकळी, हा धागा आपल्याला सोलापूरच्या रानात पुन्हा लागणार आहे.

आयुर्वेदाला केशर कुंकुम या नावानं परिचित आहे. सोळाव्या शतकातल्या भावमिश्रांच्या भावप्रकाशात केशराच्या तीन जाती सांगितल्या आहेत. काश्मीरचं बारीक तंतूंचं, लाल, कमळासारख्या वासाचं केशर उत्तम, बाल्हीक म्हणजे बल्ख प्रांताकडचं मध्यम, आणि पारसीक म्हणजे इराणकडचं जाड काड्यांचं कनिष्ठ. बाजारात आजही भाव साधारण याच क्रमानं सांगितले जातात. व्रण, डोकेदुखी, उलटी, त्वचेचा वर्ण यांवर ते सांगितलं आहे. चेहऱ्याला लावायचं कुंकुमादी तेल याच केशरावरून ओळखलं जातं. बाजारात शंभर-दीडशे रुपयांना त्या तेलाची बाटली मिळते तेव्हा त्यात किती केशर असेल, याचा हिशेब वर दिलेल्या भावावरून वाचकच करतील. पंढरपुरात चैत्र पाडव्यापासून मृगापर्यंत विठ्ठलाला चंदनाची उटी लावतात, तिच्यातही केशर असतं. उन्हाळ्याच्या तलखीत देवाला गारवा देणाऱ्या या उपचारात चंदन थंड आणि केशर उष्ण यांची सांगड आहे. आपल्याकडे लहान मुलाला सर्दी झाली की कपाळाला केशर उगाळून लावत, तेही याच उष्ण गुणासाठी.

किती घेतलं तर जास्त होतं? रोज दीड ग्रॅमपर्यंत केशर निरोगी माणसाला बाधत नाही असं मानतात. पाच ग्रॅमच्या पुढं ते विषारी ठरू लागतं, आणि वीस ग्रॅमच्या आसपासची मात्रा प्राणघातक ठरू शकते. मोठ्या मात्रेनं गर्भाशय आकुंचन पावतं, म्हणून जुन्या काळी ते गर्भ पाडण्यासाठीही वापरलं गेलं. दुधातल्या चार काड्या या मात्रेच्या आसपासही पोचत नाहीत, त्यामुळे अस्सल केशर असेल तर गरोदर बाईच्या दुधाची धास्ती घेण्याचं कारण नाही. धास्ती आहे ती ‘असेल तर’ या दोन शब्दांत.

एक बशी घ्या, तीत कोमट पाणी घाला. डबीतल्या चार काड्या त्यात सोडा आणि दहा-पंधरा मिनिटं नुसतं बघा. अस्सल काडी सावकाश रंग सोडते. तिच्याभोवती पिवळा पट्टा पसरत जातो, पण काडी स्वतः बराच वेळ लालच राहते. रंगवलेला मक्याचा तुरा असेल तर पाणी झटक्यात लाल होतं आणि काडी फिकी पडते. करडीची पाकळी असेल तर पाणी भराभर पिवळं होतं, वासाचा मात्र पत्ता नसतो. मग भिजलेली काडी बशीच्या कडेला पसरून भिंगातून पाहावी. केशराची काडी एका टोकाला बारीक आणि दुसऱ्या टोकाला तुतारीसारखी रुंद होत गेलेली, कडेला झालर असलेली दिसते. करडीची पाकळी म्हणजे खरं तर एक छोटं संपूर्ण फूल असतं. बारीक नळी, टोकाला पाच चिरफळ्या आणि मधून डोकावणारी पिवळी दांडी. एकदा डोळ्यांनी हा फरक टिपला की पुन्हा फसगत होत नाही. प्रयोगशाळेत केशराचा कस रंगाच्या तीव्रतेवर मोजतात, त्यासाठी आयएसओ ३६३२ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. घरी बशी आणि भिंग पुरेसं आहे. पूड केलेलं केशर मात्र घेऊच नये, तिथं भिंगही हात टेकतं.

आता करडी. तिला केशराची भेसळ म्हणून ओळखावं लागतं याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण या जिल्ह्याच्या शेतीत तिचा मान मोठा आहे. सप्टेंबरच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत ती पेरतात. परतीच्या पावसाची ओल काळ्या जमिनीत मुरलेली असते, करडीचं सोटमूळ त्या ओलीच्या मागोमाग खोल खोल उतरतं आणि पुढं एकही पाऊस न पडता पीक उभं राहतं. ज्वारीच्या रानाला कडेनं करडीचे तास असत. काट्यांमुळे जनावर आत शिरत नसे, म्हणजे कुंपण ते कुंपण आणि वर घरचं तेल. हरभऱ्याच्या सहा ओळींना करडीच्या तीन, ही पद्धत कृषी विद्यापीठानंही शिफारसलेली आहे. काटे यायच्या आधी, रोप जमिनीलगत पसरलेलं असताना त्याची पानं खुडून भाजी करतात. मुगाची डाळ, लसणाची फोडणी, सोबत ज्वारीची कडक भाकरी. थंडीत सोलापूरच्या मंडईत करडीची जुडी आली की बायका कांदा-बटाटा सोडून आधी तिकडं वळतात.

सोलापूर हे कोरडवाहू शेतीच्या संशोधनाचं देशातलं एक जुनं ठाणं. १९३३ पासून इथं पावसावरच्या शेतीचा अभ्यास चालू आहे. पुढं महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं विभागीय संशोधन केंद्र करडईच्या कामासाठी देशभर ओळखलं गेलं. ‘भीमा’ हा गाजलेला वाण इथलाच, १९८० च्या दशकातला. नंतर इथून ‘एसएसएफ ६५८’ हा बिनकाट्यांचा वाण आला. शेजारच्या सातारा जिल्ह्यात फलटणला बनबिहारी निंबकर यांनी १९६८ मध्ये सुरू केलेल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं ‘नारी-६’ हा बिनकाटेरी वाण आणि ‘नारी-एनएच-१’ हा बिनकाटेरी संकर दिला. एवढं होऊनही करडी मागं पडत गेली. १९८० च्या दशकात देशात दहा लाख हेक्टरांच्या आसपास करडई होती, आज ती एक लाखाच्याही खाली आली आहे. उजनी धरणाचं पाणी आलं, तिथं ऊस गेला. बाहेरून पामतेल स्वस्तात येऊ लागलं. हरभऱ्याला भाव बरा मिळू लागला. आणि काटे होतेच. काटेरी करडी पहाटे दवात काढावी लागते, उन्हं चढली की काटे सुईसारखे कडक होतात आणि मजूर मिळेनासे होतात.

तेलाबद्दल थोडं, कारण करडी म्हटलं की लोकांना हृदयाचं तेल आठवतं. करडीच्या तेलात लिनोलिक आम्ल पाऊणशे टक्क्यांच्या आसपास असतं, त्यामुळे रक्तातलं कोलेस्टेरॉल उतरतं, हे खरं. याच गुणावर सफोला हे नाव घराघरांत पोचलं. पण सिडनीत १९६६ ते १९७३ या काळात हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या ४५८ पुरुषांवर झालेल्या चाचणीचे जुने आकडे २०१३ मध्ये नव्यानं तपासले गेले. तेव्हा असं दिसलं, की प्राणिज चरबी सोडून करडीच्या तेलावर आलेल्या गटात कोलेस्टेरॉल उतरलं, पण मृत्यू मात्र जास्त झाले. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातल्या पंचविसाव्या अध्यायात वनस्पतिजन्य स्नेहांमध्ये कुसुंभाचं, म्हणजे करडीचं तेल सर्वांत अहितकर म्हटलं आहे. एक प्राचीन वचन आणि एक ऑस्ट्रेलियन चाचणी यांची थेट सांगड घालणं मला पटत नाही, दोन्हींची भाषा आणि कसोटी वेगळी. तरी एकाच तेलावर सगळा भार टाकू नये, शेंगदाणा, करडी, जवस आलटून-पालटून वापरावं, ही आपल्या जुन्या घरांची रीत त्यातून अधिक शहाणी वाटते.

औषध म्हणून करडीची खरी ताकद पाकळीत आहे. तिच्यात दोन प्रकारचे रंग असतात. पिवळा रंग पाण्यात लगेच उतरतो. लाल रंग, कार्थामिन, पाण्याला दाद देत नाही, त्याला खार लागतो. जपानमध्ये यामागाता भागात याच लाल रंगापासून ओठांना लावायची लाली करत. आधी पाकळ्या पाण्यात पुन्हा पुन्हा धुऊन पिवळा रंग काढून टाकायचा आणि मग खारानं लाल रंग उतरवायचा. आपल्याकडची कुसुंबी वस्त्रं याच रंगाची. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रासायनिक रंग आले आणि पाकळीचं ते गिऱ्हाईक गेलं. चीननं मात्र पाकळी सोडली नाही. तिथं शिनजियांग प्रांतात करडी मुख्यतः फुलांसाठी लावतात, बी दुय्यम. रक्त साकळणं, पाळी लांबणं, पाळीत पोट दुखणं, मार लागून सूज येणं, सांधे धरणं यांवर तीन ते दहा ग्रॅम सुक्या पाकळ्यांचा काढा देतात. पिवळ्या रंगातलं हायड्रॉक्सीसॅफ्लॉर यलो ए हे द्रव्य रक्ताची गुठळी होण्याला अटकाव करतं असं प्रयोगांत दिसलं आहे, आणि पाकळीच्या या पिवळ्या अर्काचं इंजेक्शन तिथं छातीत कळ येणाऱ्या हृदयरुग्णांना देतात. ली दाज्वे या चिनी शास्त्रज्ञानं हान्स-हेनिंग म्युंडेल यांच्यासह १९९६ मध्ये करडईवर लिहिलेल्या प्रबंधात हा सगळा औषधी वापर जगापुढं मांडला. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये चीनला गेले आणि तिथंच १९४२ मध्ये त्यांचा अंत झाला. त्यांच्यामुळे आपण चीनशी नातं सांगतो. त्या देशात आपल्या करडीच्या फुलाला औषधाच्या पेटीत जागा आहे, हेही सोलापूरकरांना ठाऊक असायला हवं.

याच गुणांत तिचा धोकाही दडलेला आहे. जे पाळी आणतं, रक्त पातळ ठेवतं, ते गर्भारपणी नको. वॉरफरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल त्याला नको. शस्त्रक्रिया ठरली असेल तर त्याआधी नको. पाळीत अंगावरून फार जात असेल तरीही नको. केशर म्हणून विकली जाते तेव्हा यातली एकही सूचना पाकळीसोबत येत नाही. डॉक्टरांनी ‘आणखी काय घेता?’ विचारलं तर बाई म्हणते, दुधात केशर. डॉक्टर मान डोलावतात. दोघांपैकी कुणाचीच चूक नसते.

फसवणूक गिऱ्हाइकाचीच होते असंही नाही. काही वर्षांपूर्वी महाराष्ट्र, मध्य प्रदेश, राजस्थान या भागांत ‘अमेरिकन केशर’ नावाचं पीक गाजलं. मोबाइलवर नारिंगी फुलांचे फोटो, किलोला हजारोंच्या भावानं बियाणं आणि माल उचलण्याची तोंडी हमी. शेतात उगवली ती बिनकाट्यांची करडी, आणि फुलं सुकवून झाली तेव्हा घेणारा सापडेना. पैसे गेले ते अशा शेतकऱ्यांचे, ज्यांचे आजे-पणजे करडी पेरत आले होते. काटे नसल्यानं त्यांना ती ओळखू आली नाही. केशराला बी धरतच नाही, ते कंदावर येतं, एवढी एक माहिती गावोगाव पोचली असती तरी हा धंदा उभा राहिला नसता. आज पुण्यासारख्या शहरांत काही तरुण बंद खोलीत तापमान राखून काश्मिरी कंदांवर केशर घेतात. तो प्रकार वेगळा, खर्चीक आणि अस्सल. कुणी केशराचं ‘बी’ विकायला आला, तर त्याच्याशी पुढचं बोलणंच नको.

करडीच्या पाकळीला तिच्या स्वतःच्या नावानं भाव मिळू शकतो, हे फलटणच्या संस्थेनं दाखवून दिलं आहे. फुलात फळधारणा होऊन पाकळ्या कोमेजायला लागल्यावर त्या काढल्या, तर दाण्याच्या किंवा तेलाच्या उत्पन्नात घट येत नाही, असं त्यांचे प्रयोग सांगतात. म्हणजे बी घरात येणारच, पाकळी वरकड. अडचण मजुरीची. एकेका बोंडावरून चिमटीनं पाकळ्या ओढायच्या, आणि सुकल्यावर ढीगभराचं वजन मूठभर. यासाठी फलटणला पाठीवर अडकवायचं, पाकळ्या ओढून घेणारं यंत्रही करून पाहिलं गेलं. त्यांनी पाकळ्यांचा चहाही बाजारात आणला. सोलापूरच्या बचतगटांनी शेंगाचटणी आणि कडक भाकरी देशभर पोचवली आहे. पाकळीची वेचणी, वाळवणी, पाकीटबंदी हे त्यांच्याच हातचं काम आहे, असं मला फार वाटतं.

डिसेंबरच्या मध्यापासून करडी पिवळी होऊ लागते, आणि जानेवारीत सिद्धेश्वराच्या यात्रेच्या सुमारास रानं फुललेली असतात. ज्यांच्याकडे बिनकाट्यांचा वाण आहे त्यांनी फूल पिवळं असताना घाई करू नये. ते नारिंगीकडून विटकरी रंगाकडे झुकलं आणि पाकळी सैल झाली, की चिमटीत सहज सुटून येते. मावा पडला म्हणून औषध फवारलं असेल, तर त्या रानातली पाकळी पोटात घेण्यासाठी काढूच नये. सावलीत, कापडावर पातळ पसरून वाळवायची. उन्हात रंग उडतो. वाळल्यावर हाताला कुरकुरीत लागली की काचेच्या बरणीत, अंधाऱ्या फडताळात ठेवायची. चहासाठी कपभर उकळत्या पाण्यात चमचाभर पाकळ्या, पाच मिनिटं झाकण, मग गाळून थोडा गूळ. तिला केशराचा वास नाही, सुक्या गवतासारखा मंद वास आणि किंचित तुरट चव आहे. विकायची असेल तर पाकिटावर मोठ्या अक्षरांत ‘करडईच्या पाकळ्या’ असं छापावं, आणि त्याखाली तेवढ्याच मोठ्या अक्षरांत, गरोदर बायकांनी आणि रक्त पातळ होण्याची गोळी घेणाऱ्यांनी घेऊ नये.